सदतीस दिवसांचा हंगाम

मुंबई सेंट्रलहून जयपूरकडे निघालेली आगगाडी रात्री सुरतेच्या फलाटाला लागते, काही मिनिटे थांबते आणि बडोदे, रतलाम, कोटा असा मार्ग आक्रमीत पुढे निघून जाते. सन २०१४ च्या पावसाळ्यात या लोहमार्गाच्या दोन टोकांना एका खेळाने अकस्मात समोरासमोर उभे केले. २६ जुलै रोजी मुंबईच्या वरळी भागातील सरदार वल्लभभाई पटेल बंदिस्त क्रीडागृहात ‘यू मुंबा’ आणि ‘जयपूर पिंक पँथर्स’ या दोन कबड्डी संघांचा सामना झाला. ३१ ऑगस्ट रोजी त्याच क्रीडागृहात तेच दोन संघ पुन्हा भेटले. पहिली भेट उद्घाटनाची होती, दुसरी अंतिम सामन्याची. मधल्या ३७ दिवसांत जे घडले, तो प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम होय.

या हंगामात आठ शहरांचे आठ संघ होते: मुंबई, पुणे, जयपूर, दिल्ली, पाटणा, कोलकाता, बंगळूर आणि विशाखापट्टणम. गुजरातचा एकही संघ त्यात नव्हता. तापी खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव-अमळनेरकडून सुरतेत येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा अशा वस्त्यांत स्थिरावलेल्या मराठी माणसाने मग बाजू कोणाची घ्यावी? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि कबड्डीच्या बाबतीत तो पूर्वी कधी पडलाच नव्हता. या खेळात बाजू जन्मानेच ठरत असे. आपली आळी, आपली गिरणी, आपला गाव, फार तर आपला जिल्हा. पैसे देऊन विकत घेतलेला हरियाणाचा खेळाडू मुंबईच्या नावाने चढाई करतो आणि मुंबईकर त्याच्यासाठी घसा कोरडा करतात, हे दृश्य सर्वस्वी नवे होते.

आणि ते घडले अशा प्रदेशाच्या शेजारी, जेथे या खेळाला पहिल्या बंदिस्त चौकटींपैकी एक चौकट लाभली. सुरतेच्या दक्षिणेस व पूर्वेस असलेले नवसारी, व्यारा, सोनगड हे प्रदेश गायकवाडांच्या बडोदे संस्थानात मोडत. त्या संस्थानाच्या राजधानीत, बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय स्पर्धा भरविली. तोवर महाराष्ट्रात या खेळाचे तीन प्रकार नांदत होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत येई. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात बाद होऊनही गडी मैदानातच राही, केवळ गुण मोजला जाई. बंगालमध्ये हाच खेळ ‘हा-डु-डु’ आणि दक्षिणेत ‘चेडुगुडु’ या नावाने ओळखला जात होता. एवढ्या भिन्न चालींतून एकच खेळ घडवावयाचा, हे काम शिक्षक, व्यायामशाळांचे चालक आणि जिमखान्यांचे चिटणीस अशा सामान्य मंडळींनी केले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्यभर याच एका खेळाचा ध्यास घेतला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला व भारताने सुवर्णपदक मिळविले.

या साऱ्या खटपटीत पैसा नव्हता. पुढे देशातील कबड्डीचा कारभार ज्या संस्थेकडे आला, तिने आपल्या नावाच्या आरंभीच ‘ॲमेच्युअर’ म्हणजे ‘हौशी’ हा शब्द घातला होता, आणि तो सार्थ होता. चांगल्या खेळाडूला मिळे ती नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या आपापले संघ बाळगीत आणि त्यांत निवड झालेल्या मुलाच्या घरी चूल पेटत राही. खेळाडूच्या दृष्टीने ही व्यवस्था तुच्छ लेखण्यासारखी खचित नव्हती. गुडघा दुखावला तरी नोकरी टिके, निवृत्तिवेतन मिळे. परंतु खेळ पाहण्यासाठी कोणी तिकीट काढीत नसे, म्हणून खेळाला स्वतःची मिळकत नव्हती. तो परक्याच्या ओसरीवर वाढत होता.

२००६ साली दोह्याच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीच्या सामन्यांना प्रेक्षकांचा जो प्रतिसाद लाभला, तो समालोचक चारू शर्मा यांच्या मनात राहिला. पुढे त्यांनी व उद्योगपती आनंद महिंद्र यांनी मशाल स्पोर्ट्स ही कंपनी काढून लीगची योजना आखली, आणि स्टार वाहिनीने तिचे प्रक्षेपण अंगावर घेतले. २० मे २०१४ रोजी मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. लिलाव हा शब्द मराठी कानाला अजूनही खटकतो. भांडीकुंडी, गुरेढोरे आणि जप्तीचा माल यांच्याशीच त्याची संगत आहे. त्या दिवशी भारतीय संघाचा कर्णधार राकेश कुमार याला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार रुपयांस घेतले. त्या लिलावातील ही सर्वांत मोठी बोली होती. क्रिकेटच्या बाजारात ही रक्कम किरकोळ ठरली असती. रेल्वेत नोकरी करणाऱ्या कबड्डीपटूला ३७ दिवसांच्या खेळाचे एवढे मोल येणे, ही मात्र त्याच्या व्यवसायाच्या इतिहासातील पहिलीच गोष्ट होती.

अशा पहिल्या हंगामांची जात समजून घ्यावयाची तर अमेरिकेतील एका जुन्या उदाहरणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत शोधून काढला. हिवाळ्यात कोंडल्या गेलेल्या दांडग्या वर्गाला गुंतवून ठेवणे एवढाच त्याचा हेतू होता, आणि ज्यांनी असा वर्ग सांभाळला आहे त्यांना तो हेतू लहान वाटणार नाही. आपल्याकडील मिशनच्या शाळांच्या पटांगणात दोन टोकांना उभे असलेले जाळीचे खांब ही त्या वर्गाचीच दूरची आठवण आहे. परंतु शाळेत जन्मलेला हा खेळ धंदा झाला तो बर्फाच्या क्रीडागृहांमुळे. आइस हॉकीची भव्य क्रीडागृहे बाळगणाऱ्या मालकांना रिकाम्या रात्री परवडत नव्हत्या. त्या भरून काढण्यासाठी त्यांनी जून १९४६ मध्ये बास्केटबॉलची एक व्यावसायिक संघटना स्थापन केली आणि हॉकीच्याच कारभारातील मॉरिस पोडोलॉफ यांस तिचे अध्यक्ष नेमले.

१ नोव्हेंबर १९४६ रोजी कॅनडातील टोरांटो येथे त्या लीगचा पहिला सामना झाला. पाहुण्या न्यूयॉर्क संघाने यजमान हस्कीज संघाचा ६८-६६ असा निसटता पराभव केला. हस्कीज संघाच्या जाहिरातीत असे आश्वासन होते की, आपल्या सहा फूट आठ इंच उंचीच्या खेळाडूहून जो प्रेक्षक उंच असेल त्याला प्रवेश फुकट. लोकांना खेळाची ओढ नसेल तर निदान कुतूहल तरी असावे, असा तो हिशेब! अकरा संघांनी तो हंगाम खेळला. वॉशिंग्टनने साखळीतील साठांपैकी एकोणपन्नास सामने जिंकले, आणि विजेतेपद मात्र फिलाडेल्फियाने शिकागोचा ४-१ असा पाडाव करून नेले. हंगाम संपताच टोरांटो, क्लीव्हलंड, डेट्रॉइट व पिट्सबर्ग येथील चार संघांनी दुकान आवरते घेतले. आज जगभर ‘एन.बी.ए.’ या नावाने ओळखली जाणारी लीग आपला इतिहास त्याच हंगामापासून मोजते.

त्या लीगला सर्वांत मोठा धोका भासला तो कंटाळ्याचा. आघाडी मिळविलेला संघ चेंडू हातात धरून वेळ काढी आणि त्याला अडविणारा नियम नव्हता. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनने मिनिआपोलिसला १९-१८ असे हरविले. एका पूर्ण सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण! अखेर १९५४ साली सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. रंगलेल्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे १२० फटके होतात. भागाकार आला २४. तेव्हापासून २४ सेकंदांच्या आत चेंडू टोपलीकडे फेकलाच पाहिजे, असा दंडक झाला आणि खेळ वाचला.

कबड्डीत असे घड्याळ पूर्वी लागत नव्हते, कारण ते खेळाडूच्या छातीत होते. मध्यरेषा ओलांडताना दम भरावयाचा, ‘कबड्डी कबड्डी’ हा घोष स्पष्ट व अखंड ठेवावयाचा आणि तो तुटण्यापूर्वी परत यावयाचे. प्रतिपक्षाच्या अंगणात दम तुटला की गडी बाद. एवढ्या साध्या साधनाने काळ मोजणारा दुसरा खेळ जगात क्वचितच असेल. दम जितका दीर्घ तितकी मुदत दीर्घ. मुदत ज्याची त्याने कमवावयाची. निर्णय पंचाच्या कानावर अवलंबून असे आणि पंचाच्या कानावरून भांडणे होत, हेही खरे. गावच्या मैदानावर सामना जितका चुरशीचा तितका पंचाचा कान अधिक संशयित!

वरळीच्या क्रीडागृहात ध्वनिक्षेपकांचा गजर, संगीत आणि हजारो प्रेक्षकांचा कोलाहल यांत हा घोष कोणाच्या कानी पडणार होता? लीगने प्रत्येक चढाईला ३० सेकंदांची मुदत घातली आणि ती प्रेक्षकांना दिसेल अशी घड्याळावर मांडली. घोष नियमात राहिला, पण काळाचा निवाडा आता डोळ्यांनी होऊ लागला. सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २४०० सेकंदांचा. चढाईने आपली मुदत पुरती वापरली तरी सुमारे ८० चढाया व्हाव्यात, असा याचा अर्थ. त्याच्या जोडीला दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरीत गुण मिळवावा, नाही तर बाद व्हावे, असाही नियम आला. रिकाम्या चढाया करून वेळ काढण्याची जुनी युक्ती त्यामुळे निकामी झाली. बियासोनचा भागाकार साठ वर्षांनी मुंबईत अवतरला, म्हणावयाचे ते एवढ्यासाठीच.

यात काही गमावले का? गमावले. सत्तर-ऐंशी सेकंद दम टिकविणाऱ्या चढाईपटूची कीर्ती पूर्वी तालुकाभर पसरे. तीस सेकंदांनंतर त्या दमाला आता किंमत उरली नाही. मातीच्या जागी गादी, अनवाणी पायांच्या जागी बूट हे बदल लीगच्या आधीच आंतरराष्ट्रीय सामन्यांतून आले होते, त्यांचा दोष लीगकडे जात नाही. दमाचा बदल मात्र खेळाच्या गाभ्यालाच भिडणारा होता. तो मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की, ज्या प्रेक्षकाने कबड्डी पूर्वी कधी पाहिली नव्हती त्याला दम दिसत नव्हता, घड्याळ दिसत होते. आणि खेळाडूचे मोल वाढविणारा प्रेक्षक तोच होता.

आता प्रत्यक्ष हंगामाकडे वळू. प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा, म्हणजे एकूण १४ सामने खेळावयाचे. साखळीचे ५६, दोन उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा एक आणि अंतिम एक असे मिळून ६० सामने. सारा लवाजमा एका शहरातून दुसऱ्या शहरी फिरत गेला. विजयाला पाच गुण होते, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यालाही एक गुण मिळत असे. ही तरतूद लहान दिसते. परंतु तिच्यामुळे हरणारा संघ अखेरच्या मिनिटापर्यंत झुंजत राही आणि प्रेक्षक जागचा हलत नसे.

उद्घाटनाचा सामना मुंबईने ४५-३१ असा जिंकला. त्या संध्याकाळी प्रेक्षागृहात सिनेनट आणि क्रिकेटपटू एवढे जमले होते की, छायाचित्रकारांची मैदानाकडे पाठच राहावी. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून नटांची नवलाई ओसरली आणि लोक खेळाडूंना नावाने ओळखू लागले. मुंबईचा कर्णधार अनुप कुमार हा हरियाणाचा. चढाईत तो घाई करीत नसे; समोरच्याला आधी हात पुढे करावयास लावी आणि मग त्याच्या चुकीवर गुण मिळवी. चेहऱ्यावर स्मित कायम. हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्यानेच मिळविले व सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच लाभला. त्याच्या संघात मुंबईचे रिशांक देवाडिगा व विशाल माने होते. महाराष्ट्राची इतर मुले परक्या शहरांच्या नावाने खेळली: सांगलीकडचा काशिलिंग आडके दिल्लीच्या बाजूने, नीलेश शिंदे कोलकात्याच्या बंगाल वॉरियर्सचा कर्णधार म्हणून, आणि नितीन मदने त्याच्याच संघात. दक्षिण कोरियाचा जांग कुन ली हाही बंगालकडून खेळला. पुणेरी पलटन मात्र तळाला राहिली. ज्या शहराने या मातीतल्या खेळांना नियमांची शिस्त लावण्यात पुढाकार घेतला, त्याच्या वाट्याला हे यावे!

जयपूरचे चित्र निराळे होते. पहिला सामना मोठ्या फरकाने गमावलेला हा संघ हळूहळू सावरला. कर्णधार नवनीत गौतम हा स्वतः राजस्थानचा आणि पकडीचा खेळाडू. चढाईला मनिंदर सिंग व जसवीर सिंग होते. संघाचे मालक अभिषेक बच्चन प्रत्येक सामन्याला हजर राहून लहान मुलासारखे उड्या मारीत. कबड्डीवाल्यांना त्याचे आधी हसू आले आणि पुढे कौतुक वाटले. उपांत्य फेरीत जयपूरने पाटण्यास आणि मुंबईने बंगळूरला बाजूस सारले.

३१ ऑगस्टला मुंबईच्या घरच्या प्रेक्षकांसमोर जयपूरने ३५-२४ असा विजय मिळविला. पाच आठवड्यांपूर्वी चौदा गुणांनी हरलेल्यांनी अकरा गुणांनी जिंकावे, तेही त्याच छपराखाली, यात योगायोगाचा भाग असेलच. तथापि नवनीतच्या बचावफळीने अनुपला मोकळीक दिली नाही, हे त्या सामन्याचे मर्म होते. जमलेल्या मुंबईकरांनी पराभवानंतरही दोन्ही संघांना टाळ्या दिल्या. पुढच्याच वर्षी, १९४६ च्या टोरांटोच्या नशिबी जे आले नाही ते मुंबईला लाभले. त्याच क्रीडागृहात बंगळूरला ३६-३० असे नमवून यू मुंबाने विजेतेपद घेतले.

हंगामाअखेर प्रक्षेपक कंपनीने जाहीर केले की, दूरचित्रवाणीवर ४३ कोटी ५० लक्ष लोकांनी हे सामने पाहिले. असे आकडे विक्रेत्याच्या तराजूतून आलेले असतात, तेव्हा ते थोडे हात राखून घ्यावेत. पण त्यानंतरच्या बोल्या तर खोट्या नव्हत्या. २०१८ च्या लिलावात रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लक्ष रुपये मिळाले. इराणचा फजल अत्राचली एक कोटीला गेला. चार वर्षांपूर्वीच्या राकेश कुमारच्या विक्रमी बोलीशी याची तुलना करावी.

इराणचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. हंगाम संपून महिना उलटतो न उलटतो तोच, ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला अवघ्या दोन गुणांनी, २७-२५ असे हरवून सुवर्णपदक राखले. आमच्याच लीगमध्ये आमच्याच खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून इराणी व कोरियन खेळाडू पुढे चार वर्षे तरबेज झाले आणि २०१८ साली जकार्ता येथे उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे पराभूत केले. १९९० पासून कधी न सुटलेले सुवर्णपदक सुटले. पुष्कळांनी यासाठी लीगला बोल लावला. परंतु शिकवणीला बसविलेल्या विद्यार्थ्याने गुरूला उत्तर दिले तर त्यात शिकवणीचे वैगुण्य कोणते?

बोल लावावयाचा तर तो दुसऱ्या बाबतीत लावता येईल. या समृद्धीत स्त्रियांना वाटा मिळाला नाही. भारतीय महिलांनीही आशियाई सुवर्णपदके मिळविली होती. महाराष्ट्रात तर मुलींची कबड्डी शाळाशाळांतून जोमाने चालते. २०१६ साली तीन महिला संघांची एक छोटी स्पर्धा लीगच्या जोडीने भरविण्यात आली. तिचा अंतिम सामना २४-२३ असा, एका गुणाने सुटला. याहून रंगतदार सामना पुरुषांच्या पहिल्या हंगामालाही मिळाला नव्हता. तरी दुसऱ्या वर्षी ती स्पर्धा पुन्हा झाली नाही.

अमेरिकेच्या त्या अकरा संघांपैकी बोस्टन, न्यूयॉर्क आणि पुढे कॅलिफोर्नियात गेलेला फिलाडेल्फियाचा संघ असे तीनच उरले. कबड्डीचे आठही संघ पहिल्या दहा हंगामांतून तरून गेले, आणि तळाला राहिलेल्या पुणेरी पलटनीने अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद घेतले. गुजरातचा संघ २०१७ साली आला. अहमदाबादला त्याचे घरचे मैदान झाले आणि पदार्पणातच त्याने अंतिम फेरी गाठली. पाटण्याने त्याला ५५-३८ असे हरविले. पुढल्या हंगामात तो पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि बंगळूरकडून ३८-३३ असा हरला. सुरतेच्या मराठी घरांतून तेव्हापासून एक गाडी मुंबईकडे आणि एक अहमदाबादकडे जाते. गुजरातचा सामना यू मुंबाशी असतो त्या संध्याकाळी बापाची बाजू एक आणि सुरतेत जन्मलेल्या लेकराची दुसरी, असे झाले तर नवल वाटावयास नको.